दाजींचं स्टेरिंग

रोग्यांमध्ये एक जात अशी असते, जिला बरं होण्यापेक्षा निदानाची गोडी जास्त. रिपोर्टांची फाईल कायम काखेत, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून समोरच्याला दाखवायची हौस, आणि ‘डॉक्टरलाच कळंना’ हे वाक्य उच्चारताना आवाजात किंचित अभिमान. सेनगावचे आमचे दाजी याच जातीचे. फरक एवढाच की रोग त्यांना नाही, त्यांच्या गाडीला आहे. फाईल मात्र आहे.

फाईल निळी. तिच्यावर स्केचपेननं गाडीचा नंबर लिहिलेला, एमएच 38 पासून पुढं सगळा. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा निघाला, त्याचा दाजींना अजून आनंद आहे. जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हासुद्धा परभणीची 22 नंबरची स्वस्त गाडी सोडून त्यांनी 38 ची महाग घेतली. ‘माल आपल्या जिल्ह्यातला पाह्यजे. काई झालं तर इचारायला जाता येतं,’ असं त्यांचं म्हणणं. पुढं खरंच काही झालं आणि विचारायला गेले, तर मूळ मालक त्या पैशात हळद लावून निवांत बसलेला. म्हणाला, ‘माझ्यापशी होती तवा नव्हती थरथरत.’

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापाशी असताना गाडी थरथरण्याइतकी पळालीच नव्हती. सेनगाव ते हिंगोली, सेनगाव ते जिंतूर, फार तर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला. या रस्त्यांवर पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत अर्ध्या डांबरावर वाळवण आणि उरलेल्या अर्ध्यावर म्हशी. साठच्या पुढं काटा न्यायचा तर आधी गावाशी वैर घ्यावं लागतं. रोग उघडकीला आला तो समृद्धी महामार्गामुळं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी असा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, मोटारींना ताशी 120 ची मुभा मिळाली, आणि थोड्याच दिवसांत दाजी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्काला, घेऊन रिसोडवरून मेहकरला जाऊन समृद्धीवर चढले. साईबाबांच्या दर्शनाला. काटा नव्वदवर गेला आणि स्टेरिंग हातात थरथरायला लागलं. आधी त्यांना वाटलं, सिमेंटचा रस्ता आहे, असायचंच. मग शेजारून एक गाडी गेली, तिच्या ड्रायव्हरनं एका हातानं स्टेरिंग धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं तो केळं खात होता. तिथं दाजींच्या मनात पाल चुकचुकली.

अक्का सांगते, ‘शिर्डी येईस्तोवर ह्यांचा डोळा काट्यावर. देवाच्या रांगेतबी हात असे पुढं धरून उभे. मागची बाई मला म्हणली, लकवा मारलाय का हो ह्यांना?’

एकशे दहाच्या पुढं थरथर कमी होते, हाही शोध त्याच प्रवासात लागला. त्यावर दाजींनी तात्पुरता इलाज काढला, तो म्हणजे ऐंशीच्या खाली राहायचं किंवा एकशे दहाच्या वर. मधला पट्टा श्वास रोखून पार करायचा. अक्का त्या पट्ट्यात रामरक्षा म्हणते. ती पाठ नसल्यामुळं सुरुवातीच्या ओळीच पुन्हा पुन्हा म्हणते.

यात तसं गूढ फार नाही. चाकाच्या एका बाजूला वीस ग्रॅम वजन जास्त असेल, तर उभ्या गाडीत ते कुणाला कळणारही नाही. पण नव्वदच्या वेगाला दाजींच्या गाडीचं चाक सेकंदाला सुमारे 13 वेळा फिरतं, आणि ते वीस ग्रॅम प्रत्येक फेऱ्यात चाकाला दोन-सव्वादोन किलोच्या जोरानं बाहेर ओढतात. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. शिवाय चाक, त्याचा हब आणि लोअर आर्म यांची मिळून स्वतःची एक हलण्याची लय असते, तीही सेकंदाला दहा-पंधराच्या घरातली. दोन लयी जुळल्या की थरथर चढते, वेग पुढं गेला की लय मोडते आणि हात थंडावतो. म्हणजे दाजींचं निरीक्षण बिनचूक होतं. त्यांची निरीक्षणं कायमच बिनचूक असतात. घोळ होतो तो त्यानंतर.

सेनगावच्या मिस्त्रीकडं गाडी पहिल्यांदा गेली. मिस्त्री चांगला माणूस. त्यानं गाडी पुसेगाव रस्त्यावर नेली, पन्नासला चालवली, एका बैलगाडीमागं दहा मिनिटं रेंगाळत ठेवली, परत आणली आणि म्हणाला, ‘दाजी, गाडी एक नंबर हाये.’ गावाचा जावई म्हणून अख्खं सेनगाव दाजींना दाजीच म्हणतं. अक्काचं माहेर म्हणजे आमचं घर गावातच, आणि दाजी लग्नानंतर इथंच दुकान टाकून राहिले. दाजी म्हणाले, ‘अरे, नव्वदला हलायलीय.’ मिस्त्री म्हणाला, ‘मग नव्वदला कामून चालवायलाव?’ हे निदान मला तरी आजतागायत सगळ्यात पटलेलं आहे.

पण ते फाईलला लावता येत नव्हतं. मग गाडी हिंगोलीला गेली. तिथं अलायमेंटच्या दुकानात चारी चाकांना आरसे लावले, संगणकावर लाल-हिरवे आकडे उमटले आणि एक रंगीत कागद छापून मिळाला. कॅम्बर, कास्टर, टो. दाजींनी तो लॅमिनेट करून घेतला. अलायमेंट बिघडलं तर गाडी एका अंगाला ओढते, टायरची एक कड खाल्ली जाते, सरळ रस्त्यावर स्टेरिंग वाकडं राहतं. थरथर सहसा त्यानं येत नाही. ही गोष्ट त्या दुकानदाराला ठाऊक होती, पण त्याच्याकडं मशीन अलायमेंटचं होतं. आल्या माणसाला मोकळ्या हातानं कसं पाठवायचं?

पुढची निदानंही अशीच, ज्याच्या त्याच्या दुकानाप्रमाणं. टायरवाल्यानं टायरच्या पोटावरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘हे टायर तुमच्या पोराच्या बारशाच्या वेळचं हाये,’ असं म्हणून समोरची दोन बदलायला लावली. सुटे भाग विकणाऱ्यानं चाक नऊ-तीनला धरून हलवलं आणि टायरॉड एन्ड गेल्याचं सांगितलं, मग बारा-सहाला धरून बेरिंग गेल्याचं. बेरिंग गेलं असतं तर एकसुरी घूंघूं आली असती, वळणावर वाढली-घटली असती. तशी काही येत नव्हती. बदललं. कुणी म्हणालं डिस्कला छिलाई करा. डिस्कचा दोष ब्रेक दाबल्यावरच जाणवतो, आणि दाजींचं स्टेरिंग ब्रेक न दाबताच थरथरत होतं, तरी छिलाई झाली. कुणी लोअर आर्मचे बुश सांगितले. कुणी शॉकअप. शेजारच्या मेडिकलवाल्यानं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. दाजींनी दोन्ही हात पुढं करून थरथर कशी होते ते करून दाखवलं, तर तो म्हणाला, ‘दाजी, स्टेरिंगचं राहू द्या, उपाशीपोटी शुगर बगून घ्या.’ दाजींनी तीही तपासली. काठावर निघाली. तेव्हापासून ते चहा बिनसाखरेचा घेतात. या सगळ्या उपचारांत प्रत्यक्ष उपयोग झाला तो तेवढाच.

काढलेले जुने पार्ट दाजी कुठंही टाकत नाहीत. दुकानात काउंटरवर, कापसाच्या बियाण्याच्या पाकिटांशेजारी ते मांडून ठेवलेत. टायरॉडचं फाटलेलं रबरी बूट, त्यातून बाहेर आलेलं काळं, घट्ट झालेलं ग्रीस, त्यावर चिकटलेला सोयाबीनचा भुसा. बेरिंगचं कडं ते गिऱ्हाइकाच्या कानाशी फिरवतात. ‘ऐका. येतंय काई?’ गिऱ्हाईक मान हलवतं. ‘मग बदललं कशाला? मलाबी नाही येत.’

दाजींचं दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र. त्यामुळं हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या निदानाचं काम करतो, आणि तिथं त्याचा वेग समृद्धीला लाजवील असा. शेतकरी रुमालात गुंडाळून सोयाबीनचं पान आणतो. तो रुमाल उलगडायच्या आत दाजी म्हणतात, ‘मोझॅक.’ सोयाबीनचं पान पिवळं पडायला कारणं बरीच आहेत. पांढऱ्या माशीनं आणलेला मोझॅक असतो, खोडमाशी असते, आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह उचललं जात नाही म्हणून पिवळं पडतं, पावसाचं पाणी साचून मुळं गुदमरली म्हणूनही पडतं. दाजींना हे सगळं माहीत आहे. म्हणूनच ते कुठलंही एक कारण पकडत बसत नाहीत. माशीचं एक, बुरशीचं एक आणि ‘झाड टरकन उठावं’ म्हणून एक टॉनिक, अशा तीन बाटल्या एका पिशवीत घालून देतात. पान रुमालातच राहतं.

असा माणूस आपल्या गाडीवर हाच प्रयोग होत असताना तक्रार कशी करणार? केली नाहीच. उलट प्रत्येक मिस्त्रीची खुबी ते मनापासून नावाजत. ‘नुस्तं हात लावला आन् बुश सांगितला बगा. काय माणूस हाये!’

शास्त्र त्यांनी स्वतःच्या वहीत ठेवलं. बियाण्याच्या कंपनीनं दिलेली डायरी, तिच्यात रकाने आखलेले. तारीख, वेग, हवा किती, एसी चालू का बंद, ऊन का ढग. शेवटचा रकाना ‘अक्का’. त्यात हो किंवा नाही. हा रकाना अक्काच्या नजरेला पडला त्या दिवशी घरात जेवण उशिरा झालं. दाजी म्हणाले, ‘अगं वजनाचा फरक बगायचाय, दुसरं काई नाही.’ हे वाक्य त्यांनी गप्प बसून टाळलं असतं तर बरं झालं असतं.

त्या डायरीतून एक विलक्षण गोष्ट निघाली. गाडी धुतली की थरथर वाढते. एकदा नाही, दरवेळी. हिंगोलीच्या वॉशिंग सेंटरमधून चकाचक होऊन आली की पुढच्या खेपेला समृद्धीवर दात वाजायचे. शेतातून चिखलात बरबटून आली की बऱ्यापैकी शांत. दाजींनी पंधरा नोंदी समोर ठेवून माझी परीक्षा घेतली. ‘बोला पाव्हणं, काय समजायचं ह्याच्यातून?’ मी काही बोलायच्या आत त्यांनीच निकाल दिला, ‘पाणी मानवत नाही हिला.’ आणि गाडी धुणं बंद केलं. अक्कानं त्या गाडीत बसून माहेरच्या लग्नाला जायला नकार दिला. माहेर चार गल्ल्या पलीकडं असल्यामुळं ती चालत गेली. दाजी गाडीत एकटेच आले आणि डायरीत ‘अक्का: नाही’ लिहिलं.

खरं कारण सांगणारा माणूस मध्ये एकदा भेटून गेला होता. रिसोडच्या अलीकडं एका ढाब्यावर हरियाणाच्या ट्रकचा ड्रायव्हर. तुटक्या मराठीत त्यानं सांगितलं, पुढची दोन चाकं मागं टाका, मागची पुढं. मग चालवून बघा. थरथर स्टेरिंगमधून निघून बुडाखालच्या सीटमध्ये गेली तर गुन्हेगार चाक आहे, गाडी नाही. स्टेरिंगमध्येच राहिली तर चाक सोडून बाकीचं बघा. पाना, जॅक आणि अर्धा तास. एवढ्यात निम्मी शंका फिटते. माझ्या मते वाहनशास्त्रातल्या जेवढ्या चांगल्या युक्त्या आहेत त्यांत हिचा नंबर फार वर लागावा. पण त्यानं पैसे मागितले नाहीत. दाजी गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘ट्रकवाल्याला कारचं काय कळतंय?’ युक्ती दोन रुपयांची असती तरी त्यांनी ती केली असती. फुकटच्या निदानावर त्यांचा विश्वास बसत नाही, पावती कशाची लावणार?

शेवटी चाक उघडलं ते पंक्चरमुळं. पाऊस लागून गेलेला, दाजी रानात हळद बघायला गेलेले, बांधावरच्या बाभळीचा काटा पुढच्या डाव्या चाकात घुसला. स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या पोरानं चाक काढून जमिनीवर पालथं टाकलं. आम्ही दोघं खुर्च्यांवर. रिंगच्या आतल्या अंगाला, जिथं उभ्या गाडीत कुणाची नजर जात नाही, तिथं काळ्या मातीचा वीतभर थर बसलेला. आमची काळी माती ओली असताना ढेकूळ करून चिकटते आणि वाळली की छिन्नीलाही दाद देत नाही. वर बारीक भेगा, मध्ये हळदीच्या पाल्याचा एक सुकलेला तुकडा रुतलेला. पोरानं टॉमी लावून वर हातोडा मारला. थर खळकन सुटून दोन तुकड्यांत पडला.

‘दाजी, हे बॅलन्सिंग कुठं केलं हुतं?’ पोरगं विचारायला लागलं.

कारण थराच्या बरोबर समोरच्या कडेला शिशाची वजनं ओळीनं ठोकलेली होती. मशीनवर चाक चढवणाऱ्या कुणीतरी माती न खरवडताच चाक तोललं होतं. मशीन बिचारं खरं बोललं. मातीसकट त्याला जेवढी तफावत दिसली तेवढं शिसं त्यानं समोर मागितलं, आणि माणसानं ते ठोकलं. मग गाडी धुतली की मातीचा थोडा कपचा निघायचा, शिसं तेवढंच राहायचं, थरथर वाढायची. शेतात गेली की नवा चिखल चढायचा आणि हिशोब पुन्हा जुळत यायचा. दाजींच्या पंधराच्या पंधरा नोंदी खऱ्या होत्या.

दाजींनी ते दोन तुकडे उचलले, दुकानात आणले आणि बियाणं तोलायच्या काट्यावर ठेवले. 110 ग्रॅम. काट्याकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘आपल्याच रानातली माती.’ त्यात दुःख किती आणि जिल्ह्याचा अभिमान किती, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी चारी चाकं आतून खरवडून, जुनं शिसं काढून, नव्यानं बॅलन्सिंग झालं. डाव्या चाकाला आत 15 ग्रॅम आणि बाहेर 5 ग्रॅम लागलं. आधीच्या पावत्यांपुढं हे बिल इतकं किरकोळ होतं, की दाजींनी ते फाईलला लावावं की नाही याचा विचार केला. मेहकरला चढून नव्वदला गेलो. स्टेरिंग शांत. पंच्याण्णवला शांत. दाजींनी हात अलगद उचलून नुसती बोटांची टोकं टेकवली, मग एकाच बोटाचं टोक. शंभरलाही शांत. अक्का मागच्या सीटवर झोपून गेली होती. इतक्या प्रवासांत पहिल्यांदा.

डायरीतला अक्काचा रकाना बंद झाला, पण प्रश्न विचारायची सवय दाजींना लागली ती लागलीच. परवा, ऐन पावसाळ्यात, मी दुकानात बसलेला असताना पानकनेरगावकडचा एक शेतकरी रुमाल घेऊन आला. दाजींनी रुमाल उघडायला लावला. चष्मा लावला. पान हातात घेऊन उजेडाकडं धरलं.

‘पिवळं कोवळं पान पडायलंय का जुनं?’

‘वरचं. कोवळं.’

‘शिरा हिरव्या हायेत ह्याच्या. पांढरी माशी दिसली का पानामागं?’

‘माशी काई नाही.’

‘सगळं रान पिवळंय का ठिकठिकाणी?’

‘सखलात हाये. वरल्या अंगाला नाही.’

‘पाणी किती दिस साचलंय?’

शेतकरी आता जरा अस्वस्थ झाला. औषधाच्या दुकानात एवढे प्रश्न त्याला कुणी कधी विचारले नव्हते. दाजींनी पान खाली ठेवलं. ‘चर काढून पाणी वाटं लावा. वापसा आला की आपोआप हिरवं हुईल. मारू नका काई.’

‘काईच नाही?’

‘काईच नाही.’

शेतकऱ्यानं पान पुन्हा रुमालात गुंडाळलं. ‘म्हंजे काई कळंना म्हणा की,’ असं म्हणून तो उठला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरला. तिथं फार वेळ लागला नाही. बाहेर आला तेव्हा हातातल्या पिशवीतून बाटल्या वाजत होत्या. दाजी काउंटरवर वाकून, डोळे बारीक करून पिशवीच्या आत बघायचा प्रयत्न करायला लागले.

‘पाव्हणं, दोन कळायल्या मला. माशीची आन् बुरशीची,’ ते म्हणाले. ‘तिसरी कशाची दिली आसंल?’